शंभर लिटरांचा समुद्र : घरगुती प्रवाळ-टाकीची मांडणी व निगा

उष्ण कटिबंधातील प्रवाळभित्तीच्या आश्रयाने जे जीव युगानुयुगे नांदत आले, त्यांना अन्नासाठी, प्रकाशासाठी आणि वीतभर जागेसाठी आपसांत अखंड झगडावे लागले असले, तरी भोवतालच्या पाण्याच्या स्थैर्याची उणीव त्यांना सहसा भासली नाही. समुद्राचा विस्तारच एवढा अफाट की, एखादा मासा मेला, दुपारचे ऊन जरा कडक पडले किंवा वळवाची एखादी सर येऊन गेली, तरी त्याच्या क्षारतेत वा उष्णतेत नजरेत भरण्याजोगा फरक पडत नाही. घरच्या टाकीत हा विस्तार नसतो, आणि म्हणून ज्या गृहस्थाने आपल्या दिवाणखान्यात शंभर लिटर खारे पाणी भरून त्यात मासे व प्रवाळ ठेवण्याचा मनसुबा केला, त्याने समुद्राचे हे स्थैर्य राखण्याचे काम स्वतःच्या शिरावर घेतलेले असते. या लेखातील यच्चयावत सूचना त्या एका कामाच्याच आहेत.

हा छंद तसा जुना आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडले ते 1853 साली, आणि फिलिप हेन्री गॉस या निसर्गशास्त्रज्ञाने खाऱ्या पाण्याच्या टाकीवरील आपला प्रसिद्ध ग्रंथ त्याच्या पुढच्याच वर्षी काढला. आपल्याकडे मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय 1951 मध्ये सुरू झाले आणि समुद्रातील मासा काचेआड पाहण्याची हौस अनेक पिढ्यांना तेथेच लागली. परंतु मासे जगविणे निराळे आणि प्रवाळ जगविणे निराळे. जकार्ताच्या ली चिन एंग यांनी 1961 मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली, तेव्हा जिवाणूंनी व सूक्ष्मजीवांनी व्यापलेला सच्छिद्र खडकच पाण्याची शुद्धी करतो, हे रहस्य शौकिनांच्या ध्यानी आले. पुढे बर्लिनच्या मंडळींनी त्याला फेसाच्या योगाने सेंद्रिय मळ काढून टाकणाऱ्या स्किमर या यंत्राची जोड दिली. आजची घरगुती टाकी या दोन गोष्टींवरच उभी आहे.

आधी कायदा

खरेदीची यादी करण्यापूर्वी कायद्याचा विचार करावा, कारण या बाबतीत अज्ञानाची सबब चालत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 याच्या पहिल्या अनुसूचीत 2001 साली भित्ती उभारणारी सर्व कठीण प्रवाळे, काळी प्रवाळे, अग्निप्रवाळ, बासरीच्या नळ्यांसारखे दिसणारे प्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश करण्यात आला, आणि 1 एप्रिल 2023 पासून अमलात आलेल्या सुधारणेनंतरही त्यांचे संरक्षण कायम आहे. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याविषयीच्या गुन्ह्यास तीन ते सात वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. मालवणच्या किनाऱ्यालगत, विजयदुर्गापासून दूर पश्चिमेस असलेल्या आंग्रिया बँकेवर आणि खुद्द मुंबईच्या हाजी अली व वरळीच्या खडकांवरही प्रवाळ आहे. सागरी किनारा मार्गाच्या कामात आड येणाऱ्या 18 प्रवाळ-वसाहती 2020 मध्ये तेथून हलवावयाच्या झाल्या, तेव्हा सरकारी कामासाठीदेखील वन्यजीव खात्याची रीतसर परवानगी घ्यावी लागली. मग खाजगी इसमाने ओहोटीच्या वेळी खडकाचा तुकडा पिशवीत घालून आणणे कोणत्या सदरात जमा होईल, हे सांगावयास नको.

तेव्हा घरगुती टाकीत कठीण प्रवाळाचा नाद मुळीच करू नये. समुद्री घोडे, समुद्री काकड्या आणि महाकाय शिंपले यांचाही मोह आवरावा. ज्यांना कठीण सांगाडा नसतो असे छत्रीप्रवाळ, लहान फुलांच्या ताटव्यासारखे झोअँथिड आणि चामड्यासारख्या पृष्ठभागाचे मृदू प्रवाळ यांनीही टाकी भरून शोभते. तेही अशाच विक्रेत्याकडून घ्यावे की, जो पावती देतो आणि परदेशी माल असेल तर आयातीचे कागद दाखवितो. परदेशी प्रजातींपैकी ज्यांच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय कराराने निर्बंध आहेत, त्यांची नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश या संकेतस्थळावर करावी लागते. शंका असल्यास जवळच्या वनविभागाच्या कचेरीत विचारणा करावी आणि उत्तर मिळेपर्यंत खरेदी तहकूब ठेवावी.

टाकी व तिची जागा

लहान टाकी स्वस्त आणि सोपी असते, असा नवशिक्याचा समज असतो. खाऱ्या पाण्यात तो निखालस चुकीचा ठरतो, कारण पाणी जितके कमी, तितका त्यातील प्रत्येक बदल अधिक वेगाने व अधिक तीव्रतेने होतो. साठ सेंटिमीटर लांब, पंचेचाळीस रुंद व तितकीच उंच अशी टाकी घ्यावी. तिचे माप 121 लिटर भरते आणि दगड, वाळू व वरची मोकळी जागा वजा जाता सुमारे शंभर लिटर पाणी हाती राहते. याहून लहान टाकी पहिल्या प्रयोगास घेऊ नये. काच आठ ते दहा मिलिमीटर जाडीची असावी.

काच, पाणी, दगड आणि वाळू यांचे एकत्रित वजन दीडशे किलोच्या पुढे जाते, म्हणून टाकी भिंतीलगत, शक्य तर तुळईच्या रोखाने ठेवावी आणि स्टँड पाणसळीने तपासून घ्यावा. साधे एमडीएफचे फर्निचर खाऱ्या शिंतोड्यांनी फुगते. रंग भाजून बसविलेला लोखंडी स्टँड किंवा मरीन प्लायचे कपाट टिकते. खिडकीतून थेट ऊन येणारी जागा टाळावी, कारण त्याने पाणी तापते आणि शेवाळ माजते. खारे पाणी विजेचे उत्तम वाहक असल्याने सर्व प्लग पाण्याच्या पातळीहून उंच आणि टाकीच्या बाजूला ठेवावेत. प्रत्येक वायर आधी प्लगच्या खाली लोंबून मग वर जाईल अशी सोडावी, म्हणजे वायरीवरून ओघळलेला थेंब प्लगात न शिरता खाली पडेल. या जोडणीवर विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसविल्यावाचून टाकीत हात घालू नये.

पाणी आणि मीठ

किनाऱ्यावर राहणाऱ्याला वाटते की, पाणी तर दारातच आहे. परंतु मुंबई-ठाण्याच्या किनाऱ्यालगतच्या पाण्यात सांडपाणी आणि गाळ मिसळलेला असतो आणि पावसाळ्याचे चार महिने नद्या-नाल्यांच्या पुराने त्याची क्षारता घटते. म्हणून पिशवीत मिळणारे रीफ टाकीचे तयार मीठ घेऊन पाणी घरीच बनवावे, हाच राजमार्ग. स्वयंपाकघरातील मीठ यासाठी निरुपयोगी आहे, कारण समुद्राच्या पाण्यात सोडियम क्लोराइडखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि कार्बोनेट यांचा जो विशिष्ट मेळ असतो, तो त्यात नसतो.

ज्या पाण्यात हे मीठ घालावयाचे, ते निर्मळ असणे मिठाइतकेच महत्त्वाचे आहे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते आणि बोअरवेलच्या किंवा टँकरच्या पाण्यात क्षार व नायट्रेट. घरच्या आरओ यंत्रातून आलेले पाणीही पुरेसे नसते, कारण पिण्याच्या चवीसाठी अनेक यंत्रांत थोडे कच्चे पाणी मुद्दाम मिसळण्याची सोय केलेली असते. आरओच्या पुढे उरलेले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनची एक नळी जोडली आणि विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मापकावर शून्य आले, म्हणजे पाणी या कामास लायक झाले असे समजावे.

एका लिटरला सुमारे 35 ते 38 ग्रॅम, असे मीठ प्लास्टिकच्या स्वच्छ पिंपात टाकून पंपाने काही तास ढवळत ठेवावे. विशिष्ट गुरुत्व 1.025 ते 1.026, म्हणजेच क्षारता हजारी 35 भरली पाहिजे. ती मोजण्यासाठी काट्याचा हायड्रोमीटर न घेता रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा, आणि तो 35 क्षारतेच्या प्रमाणित द्रावणाने अधूनमधून जुळवून घ्यावा. मीठ टाकीत प्राणी असताना थेट टाकीत कधीही ओतू नये.

येथे एक गोष्ट पक्की ध्यानात धरावी. वाफ होऊन जाते ते पाणी. मीठ मागेच राहते. शंभर लिटरांतून तीन लिटर उडून गेले की, हजारी 35 ची क्षारता 36 च्या वर चढते, आणि उन्हाळ्यात पंखा लावलेल्या टाकीतून तीन लिटर जाण्यास फार दिवस लागत नाहीत. म्हणून ही तूट दररोज बिनमिठाच्या शुद्ध पाण्यानेच भरून काढावी. पातळी घटताच आपोआप पाणी सोडणारे यंत्र बाजारात मिळते. चैनीच्या वस्तूंत त्याची गणना न करता पहिल्याच खर्चात त्याची तजवीज करावी.

उष्णता, प्रवाह आणि प्रकाश

पाण्याची उष्णता 25 ते 26 अंश सेल्सिअसवर असावी. थंड देशांतील पुस्तके हीटरची चर्चा करतात. आपल्याकडे खरा प्रश्न चैत्र-वैशाखातला. पृष्ठभागावर वारा घालणारा छोटा पंखा बाष्पीभवनाच्या योगाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरवितो खरा, पण पुण्या-नाशिकच्या कोरड्या हवेत त्याचा जो गुण येतो, तो मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत येत नाही. उन्हाळ्यात जेथे खोलीच 32-33 अंशांवर जाते, तेथे पाणी थंड करणाऱ्या चिलर यंत्राला पर्याय नाही. पाणी काही दिवस सतत तापलेले राहिले, तर प्रवाळ आपल्या ऊतींत राहणारी सूक्ष्म शैवले बाहेर टाकते आणि पांढरे पडते; आणि ही शैवलेच त्याला त्याच्या अन्नाचा बहुतांश भाग पुरवीत असल्याने त्यांच्यामागोमाग प्रवाळाचेही आयुष्य सरते. अंदाजपत्रकात चिलर बसत नसेल, तर टाकीचा बेत पुढे ढकलावा. उन्हाळा पुढे ढकलता येत नाही.

प्रवाळ जागचे हलत नाही. त्याला अन्न व प्राणवायू पोहोचविणे आणि त्याचा मळ वाहून नेणे ही कामे प्रवाहाची. तासाला दोन ते तीन हजार लिटर पाणी हलविणारा वेव्हमेकर या मापाच्या टाकीस पुरतो. तो असा बसवावा की, धार काचेवर किंवा दगडावर आदळून विखुरेल आणि एकाच प्रवाळावर अखंड मारा होणार नाही. वीज गेली की प्रवाह थांबतो आणि काही तासांत पाण्यातील प्राणवायू घटतो. ज्या गावी भारनियमन नित्याचे आहे, तेथे वेव्हमेकर तेवढा इन्व्हर्टरवर घ्यावा, किंवा निदान सेलवर चालणारा हवेचा पंप जय्यत ठेवावा. आणि वीज नसताना माशांना खाणे घालू नये.

दिवे निळ्या प्रकाशाचे प्राबल्य असलेले एलईडी घ्यावेत, कारण खोल पाण्यात निळा प्रकाशच पोहोचतो आणि प्रवाळातील शैवले त्याला सरावलेली असतात. दिवसाला आठ ते नऊ तास, टायमर लावून. मृदू प्रवाळांना मध्यम प्रकाश पुरतो. आरंभी दिवा त्याच्या पूर्ण शक्तीच्या तिसऱ्या हिश्श्यावर ठेवून कित्येक आठवड्यांत तो हळूहळू वाढवावा.

खडक आणि वाट पाहणे

समुद्रातून काढलेला जिवंत खडक आपल्याकडे विकत घेऊ नये. खाणीतला कोरडा सच्छिद्र चुनखडक किंवा कृत्रिम रीफ-दगड दहा-बारा किलो घ्यावा आणि टाकीच्या तळावर थेट, वाळू पसरण्यापूर्वी, डळमळणार नाही असा रचावा. मध्ये गुहा व वाटा सोडाव्यात, म्हणजे पाणी सर्वत्र खेळेल. वर दोन-तीन सेंटिमीटर अॅरागोनाइटची वाळू पसरावी. कोकणच्या किनाऱ्यावरील वाळू भरू नये. रत्नागिरीच्या बाजूस तर तिच्यात इल्मेनाइटसारखी लोह-टायटॅनियमयुक्त काळी खनिजे असतात.

यानंतरचा काळ सहनशीलतेच्या कसोटीचा असतो. माशांच्या उत्सर्जनातून आणि कुजणाऱ्या अन्नातून अमोनिया निर्माण होतो, आणि तो अत्यल्प प्रमाणातही माशांना घातक असतो. काही जिवाणू त्याचे नायट्राइटमध्ये आणि दुसरे काही नायट्राइटचे बऱ्याच अंशी निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जिवाणू दगडावर वसल्याखेरीज टाकी राहण्यास योग्य होत नाही. बाटलीतून मिळणारे जिवाणू म्हणजे दुधाला लावलेले विरजण होय: त्याने आरंभ होतो, पण लागण्यास वेळ हा द्यावाच लागतो. टाकीत अमोनियम क्लोराइडचे द्रावण मोजून घालावे, किंवा कच्च्या कोळंबीचा लहान तुकडा सोडावा, आणि अमोनिया व नायट्राइट यांची चाचणी एक दिवसाआड घेत राहावे. घातलेला अमोनिया चोवीस तासांत नाहीसा होऊन दोन्ही चाचण्या शून्य दाखवू लागल्या, म्हणजे चक्र पूर्ण झाले. यास सहसा चार ते सहा आठवडे लागतात.

पुढे दगडांवर प्रथम तपकिरी थर येतो, मग हिरवे शेवाळ, कधी तांबूस चिकट पापुद्रा. टाकी बिघडली असे समजून अनेकजण या वेळी औषधे ओततात. तसे करू नये. नव्या टाकीची ही ओळीने येणारी अवस्था आहे. शेवाळ खाणाऱ्या चार-सहा गोगलगायी सोडाव्यात, खाणे व प्रकाश आवरता ठेवावा, आणि पाणी बदलत राहावे.

रहिवासी

शंभर लिटरांत तीन लहान मासे, ही मर्यादा मानावी. क्लाऊनफिशची जोडी आणि एखादा गोबी हे उत्तम रहिवासी. क्लाऊनफिश बंदिस्त पाण्यात वाढविलेलेच मागून घ्यावेत; केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेने तामिळनाडूतील मंडपम् आणि केरळातील विळिंजम् येथे त्यांच्या पैदाशीचे तंत्र विकसित केलेले आहे, आणि असे मासे टाकीतील खाणे विनातक्रार घेतात. एक लहान व एक किंचित मोठे अशी दोन पिले घ्यावीत. या जातीत जन्मतः सर्व नर असतात आणि जोडीतील मोठा पुढे मादी होतो. त्यांच्यासाठी समुद्रफूल आणण्याची गरज नाही. ते टाकीभर फिरते आणि अनेकदा वेव्हमेकरात सापडून सर्व पाणी नासवते. सर्जनफिश, मूरिश आयडॉल व मँडरिन हे मासे कितीही देखणे असले, तरी या मापाच्या टाकीत त्यांची उपासमार किंवा कोंडमारा अटळ आहे.

नवा मासा आधी वेगळ्या लहान टाकीत चार आठवडे ठेवावा. अंगावर पांढरे ठिपके आणणारा परोपजीवी एकदा मुख्य टाकीत शिरला, तर त्यावरचे तांब्याचे औषध तेथे देता येत नाही, कारण तांबे प्रवाळाला आणि गोगलगायींना मारक असते. एका माशानंतर दुसरा आणण्यात किमान तीन आठवड्यांचे अंतर ठेवावे, म्हणजे जिवाणूंची संख्या वाढत्या भाराला पुरी पडते. टाकीवर बारीक जाळी असावी. गोबी उडी मारून बाहेर पडतात.

प्रवाळ त्यानंतर, एकेक करून. झोअँथिडांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचे अत्यंत जहाल विष असते. म्हणून हातमोजे व चष्मा घातल्यावाचून त्यांना हात लावू नये, त्यांचा दगड घासू नये, आणि त्यावर कढत पाणी तर चुकूनही ओतू नये, कारण वाफेबरोबर ते विष श्वासात जाते. घरात लहान मुले असल्यास हा प्रकार आणूच नये.

रोजकीर्द

दररोज उष्णता पाहावी, मासे मोजावेत आणि दोन मिनिटांत संपेल एवढेच खाणे घालावे. दर आठवड्यास दहा लिटर पाणी बदलावे; नवे पाणी क्षारतेने व उष्णतेने जुन्याशी जुळते आहे, याची खात्री करून मगच ओतावे. नायट्रेट दशलक्षांशी दहाच्या आसपास, अल्कलिनिटी 8 ते 9 डीकेएच, कॅल्शियम लिटरला 400 ते 450 मिलिग्रॅम आणि मॅग्नेशियम 1250 ते 1350, असे हिशेब असावेत. मृदू प्रवाळांच्या टाकीत साप्ताहिक बदलानेच ते बहुधा सांभाळले जातात. जे मोजता येत नाही, ते पाण्यात घालू नये. प्रत्येक चाचणीचा आकडा तारखेनिशी वहीत टिपावा. सुटा आकडा फारसे काही सांगत नाही, पण तीन महिन्यांचे आकडे ओळीने पाहिले म्हणजे काय वाढते आहे व काय घटते आहे, हे संकट येण्यापूर्वीच समजते. आकडा चुकलेला दिसला तरी तो एका दिवसात दुरुस्त करण्याची घाई करू नये. पाण्यातील अचानक फरक हा किंचित चुकीच्या पण स्थिर आकड्याहून अधिक घातक असतो.

गावी जावयाचे असेल, तर खाणे घालणाऱ्या शेजाऱ्याला प्रत्येक दिवसाची पुडी बांधून द्यावी, कारण प्रेमाने घातलेले जादा खाणे उपासापेक्षा अधिक मासे मारते. आणि काही कारणाने टाकी मोडावी लागली, तर तिच्यातील मासे, प्रवाळ किंवा शेवाळ खाडीत वा समुद्रात कदापि सोडू नये. परका जीव व परका रोग तेथे पसरला, तर तो परत गोळा करता येत नाही. दुसऱ्या शौकिनाला किंवा विक्रेत्याला ते सुपूर्द करावे.

या छंदाला पैशापेक्षा नियमितपणा अधिक लागतो. ज्यांना रोजची दहा मिनिटे आणि आठवड्याचा एक तास वर्षानुवर्षे देणे शक्य आहे, त्यांनी ही टाकी अवश्य मांडावी. ज्यांना ते शक्य नाही, त्यांनी गोड्या पाण्यातील मासे पाळावेत, त्यांतही आनंद कमी नाही.